घड्याळ आणि पंचांग घेऊन हाँगकाँग: बंदर, रस्त्यावरचे बाजार आणि सण

हाँगकाँगला पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळी दहाला मी माँगकॉकच्या लेडीज मार्केटमध्ये उभी होते. नावाजलेला बाजार, म्हणून गर्दीच्या आधी पोचायचं ठरवलं होतं. गल्लीत मोकळे लोखंडी सांगाडे उभे होते आणि एक गृहस्थ ढकलगाडीवरून ताडपत्रीत बांधलेले भलेमोठे गठ्ठे ओढत आणत होते. बाकी सामसूम. त्याच गल्लीत संध्याकाळी सातला पाय ठेवायला जागा नव्हती. या शहरात काय बघायचं याच्या याद्या ढिगाने मिळतात. पण कोणती गल्ली किती वाजता जागी होते आणि कोणत्या तिथीला शहराचा कोणता कोपरा उजळतो, हे कळल्याशिवाय त्या यादीचा उपयोग होत नाही. म्हणून हा लेख घड्याळ आणि पंचांगाच्या अंगाने लिहिते आहे.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. जानेवारी २०१७ पासून हा नियम आहे. हाँगकाँग सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर फॉर्म भरायचा. पैसे लागत नाहीत. मंजुरी मिळाली की चिठ्ठी पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून घ्यायची. ही नोंदणी सहा महिने चालते आणि एका भेटीत जास्तीत जास्त १४ दिवस राहता येतं. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच फॉर्मवर हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, तिथे हमखास गोंधळ होतो, तेव्हा सबमिट करण्याआधी पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंगही छापून जवळ ठेवा. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी चिठ्ठी देतात, ती परत येईपर्यंत सांभाळायची. आणि हाँगकाँगच्या परवानगीवर चीनच्या मुख्य भूमीत जाता येत नाही, शेन्झेनला जायचं मनात असेल तर चीनचा व्हिसा वेगळा.

पैशांचं एक लक्षात ठेवा. इथल्या नोटा तीन वेगवेगळ्या बँका छापतात, त्यामुळे शंभराच्या दोन नोटा अगदी वेगळ्या दिसू शकतात. त्यात फसवणूक नाही, सगळ्या चालतात. बाजारात रोख लागतेच, वीस आणि पन्नासच्या नोटा वेगळ्या काढून ठेवा. प्लग तीन चौकोनी पिनांचा, आपला चालत नाही, अडॅप्टर घरूनच न्या.

उतरल्या उतरल्या ऑक्टोपस कार्ड घ्या. १९९७ पासून हे कार्ड चालू आहे आणि मेट्रो, बस, ट्राम, फेरी, किरकोळ दुकानं, सगळीकडे टेकवून काम होतं. साध्या कार्डावर ५० डॉलर अनामत असते, ती परत जाताना मिळते. या लेखात डॉलर म्हणजे हाँगकाँगचा डॉलर.

विमानतळावरून एअरपोर्ट एक्सप्रेस २४ मिनिटांत हाँगकाँग स्टेशनला आणते. मला मात्र ए-२१ ही दुमजली बस आवडते. भाडं ट्रेनच्या निम्म्याहूनही कमी, आणि वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसलात तर पूल, बंदरातल्या क्रेन आणि मग नेदन रोडच्या पाट्या बघत थेट चिमशात्सुईपर्यंत येता. पहिल्या फेरीला मुक्काम काउलूनच्या बाजूलाच, म्हणजे बंदराच्या उत्तर काठावर करा, जॉर्डन किंवा याउमातेई स्टेशनच्या आसपास. बाजार पायी पडतात. खोल्या लहान असतात, मोठी बॅग उघडली की चालायला जागा उरत नाही, हे गृहीत धरूनच सामान भरा.

तारीख कशी ठरवायची

हवेचा विचार केला तर ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यांत चांगला. मे ते सप्टेंबर दमट उकाडा, पाऊस आणि वादळं. पण सण बघायचा असेल तर हवेशी थोडी तडजोड करावी लागते.

इथे आपलं पंचांग कामाला येतं. चिनी पंचांगातही महिने चांद्रच आहेत. महिन्याची पहिली तारीख अमावास्येला किंवा तिच्या दुसऱ्या दिवशी आणि पंधरावी पौर्णिमेच्या आसपास. म्हणजे ‘पाचव्या महिन्याची पाचवी’ असं वाचलं की ती शुद्ध पंचमीच्या आसपास असणार. अधिक महिना त्यांच्याकडेही असतो, पण तो आपल्या अधिकाबरोबर एकाच वेळी येईलच असं नाही, त्यामुळे एखाद्या वर्षी महिन्याचा फरक पडतो. २०२६ चंच बघा. आपली बुद्धपौर्णिमा १ मेला आणि हाँगकाँगमधला बुद्धजन्म २४ मेला. तेव्हा तिथीचा अंदाज कॅलेंडरवरून घ्यावा, पण विमानाचं तिकीट काढण्याआधी हाँगकाँगच्या सुट्ट्यांची यादी बघावी.

नवीन वर्ष पौष किंवा माघ अमावास्येच्या सुमारास येतं: २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारी. चेउंग चाउ बेटावरचा बनचा (वाफवलेल्या गोड पावांचा) उत्सव चौथ्या महिन्याच्या अष्टमीच्या आसपास, ड्रॅगन बोटींच्या शर्यती पाचव्या महिन्याच्या पंचमीला, म्हणजे २०२६ मध्ये १९ जूनला. आणि मध्यशरदाचा सण आठव्या महिन्याच्या पंधरावीला. २०२५ मध्ये तो ६ ऑक्टोबरला, बरोबर आपल्या कोजागिरीच्या रात्री आला होता. २०२६ मध्ये २५ सप्टेंबरला, आपल्या अनंत चतुर्दशीच्या दिवशी.

पहिला दिवस पाण्याचा

हे शहर बंदरामुळे झालं, तेव्हा ओळखही पाण्यावरूनच करून घ्या. चिमशात्सुईच्या धक्क्यावरून स्टार फेरी घ्यायची आणि समोर हाँगकाँग बेटावर सेंट्रलला उतरायचं. आठ-दहा मिनिटांचा प्रवास, तिकीट दहा डॉलरांच्या आत. हिरव्या-पांढऱ्या बोटी, लाकडी बाक, आणि बाकांच्या पाठी पुढेमागे ढकलता येतात, म्हणजे बोट कोणत्याही दिशेला निघाली तरी तोंड समोर. बोट लागताना खलाशी लांब काठीच्या आकड्याने दोर ओढून घेतो ते बघायला मी दर वेळी खालच्या डेकवर उभी राहते. खाली इंजिनाचा आवाज आणि तेलाचा वास येतो, पण पाणी हाताशी असतं.

ही फेरी सुरू केली ती मुंबईहून आलेल्या एका पारशी माणसाने. दोराबजी नौरोजी मिठाईवाला. आचारी म्हणून काम केलेल्या या गृहस्थाने १८८८ मध्ये काउलून फेरी कंपनी काढली, आणि १८९८ मध्ये कंपनीचं नाव स्टार फेरी झालं. आजही प्रत्येक बोटीच्या नावात ‘स्टार’ असतो. चिमशात्सुईतला मोदी रोड दुसऱ्या मुंबईकर पारशाच्या नावाचा: सर होर्मसजी मोदी, ज्यांच्या देणगीतून हाँगकाँग विद्यापीठाची इमारत उभी राहिली. मुंबईच्या माणसाने इथे थोडं थांबून या पाट्या वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं.

धक्क्याशेजारी ४४ मीटर उंचीचा लाल विटांचा घड्याळाचा मनोरा आहे. हे जुन्या रेल्वे स्थानकाचं जागेवर उरलेलं एकमेव अंग. स्थानक १९७८ मध्ये पाडलं. रात्री आठला दोन्ही काठांच्या इमारतींवर दिव्यांचा कार्यक्रम होतो, फुकट. तो मनोऱ्याजवळच्या कठड्यावरून बघा, किंवा पावणेआठच्या सुमाराला फेरीत बसा आणि मधोमध पाण्यात असताना शहर उजळताना बघा. मला दुसरं जास्त आवडतं.

शिखरावर, म्हणजे ज्याला सगळे पीक म्हणतात तिथे, सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचायचं. १८८८ पासून चालणारी पीक ट्राम तीव्र चढावर वर नेते, पण संध्याकाळी तिथे रांग फार असते. सेंट्रलहून १५ नंबरची बस घ्या, वळणावळणाचा रस्ता सुंदर आहे. वर गेल्यावर तिकीट काढून गच्चीवर जायची काही गरज नाही. लुगार्ड रोडने चालायला लागा. साधारण साडेतीन किलोमीटरचा सपाट वळसा आहे, झाडांतून अचानक सगळं बंदर पायाखाली उघडतं. ढग उतरलेले असतील तर मात्र त्या दिवशी जाऊच नका, वर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही.

बाजार: कोणता किती वाजता

सकाळी साडेसात-आठ. प्रिन्स एडवर्ड स्टेशनवर उतरून युएनपो स्ट्रीटच्या पक्ष्यांच्या बागेत जा. म्हातारे गृहस्थ कापडी आच्छादन घातलेले बांबूचे पिंजरे हातात घेऊन येतात. पिंजरा झाडाच्या फांदीला किंवा दांडीला अडकवतात, आच्छादन काढतात आणि स्वतः बाकावर बसतात. पक्षी एकमेकांचं ऐकून गायला लागतात. पिंजऱ्यातली पाण्याची वाटी अंगठ्याएवढी, निळ्या नक्षीची चिनी मातीची. शेजारच्या दुकानात पक्ष्यांसाठी जिवंत नाकतोडे पिशव्यांतून विकायला असतात. फोटो काढण्याआधी हाताने खूण करून विचारा. बहुतेक जण मानेने हो म्हणतात, नाही म्हटलं तर पुढे चला. तिथून दोन मिनिटांवर फ्लॉवर मार्केट रोड. तोवर नऊ-साडेनऊ वाजलेले असतात, फुलांचे ट्रक रिकामे होत असतात आणि फुटपाथ ओला असतो.

मग तुंगचोई स्ट्रीटच्या उत्तर टोकाला सोनेरी माशांचा बाजार. हवा भरून फुगवलेल्या शेकडो पारदर्शक पिशव्या दुकानांच्या दारांवर ओळीने टांगलेल्या, प्रत्येकीत एक-दोन मासे आणि वर मार्करने लिहिलेली किंमत. ऊन पडलं की अख्खी भिंत चमकते. लहान मुलं बरोबर असतील तर इथे तासभर जातोच. याच रस्त्याने दक्षिणेला चालत गेलं की लेडीज मार्केट लागतं. सुमारे एक किलोमीटर लांब, दुपारी बारानंतर उभं राहायला लागतं आणि रात्री अकरापर्यंत चालतं. टी-शर्ट, पिशव्या, खेळणी, फ्रिजवर लावायची चुंबकं. माल दहा स्टॉलवर तोच असतो. भेटवस्तू घ्यायच्या असतील तर घ्या, पण वेळ कमी असेल तर मी हा बाजार सोडून पुढचा बघायला सांगेन.

पुढचा म्हणजे शामशुईपो. दुपारी एक ते सहा. शहरातल्या जुन्या, कष्टकरी वस्त्यांपैकी ही एक, आणि इथले बाजार इथल्याच लोकांसाठी आहेत. आपलिउ स्ट्रीटवर वायर, टॉर्च, सोल्डरिंगचं सामान, जुने रेडिओ, वापरलेले कॅमेरे. की-लुंग स्ट्रीटवर कापड आणि बटणं, यु-चाउ स्ट्रीटवर मणी. बटणांच्या दुकानात शिरलात तर भिंतीवर पुठ्ठे लावलेले दिसतील आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर बटणांचे नमुने शिवलेले: शिंपल्याची, लाकडाची, पितळेची. तुम्ही पुठ्ठ्यावर बोट ठेवायचं, मग मागून त्या बटणांचा डबा येतो. घाऊक दुकानं असली तरी बरेच जण डझनभर देतात. भुलेश्वरला मणी-लेस घ्यायला जाणाऱ्या कोणालाही इथे भाषेची अडचण जाणवत नाही. घाऊकवाल्यांची बरीच दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा आठवड्याचा मधला दिवस निवडा.

या वस्तीत मेई हो हाऊस जरूर बघा. १९५३ च्या नाताळच्या रात्री जवळच्या शेक किप मेई इथल्या झोपड्यांना आग लागली आणि पन्नास हजारांहून जास्त लोक बेघर झाले. त्यांना निवारा म्हणून सरकारने मोठ्या चाळी बांधायला घेतल्या आणि त्यातूनच इथली सार्वजनिक घरबांधणी वाढली. १९५४ ची ती एक इमारत राखून तिथे छोटं संग्रहालय केलं आहे. एका खोलीत किती माणसं, स्वयंपाक बाहेरच्या गॅलरीत, नळ सगळ्यांचा एक. चाळीत वाढलेल्या माणसाला ते बघताना घरचं आठवतं.

बेटाच्या बाजूचे बाजार दुसऱ्या सकाळी. १९०४ पासून चालणारी दुमजली ट्राम घ्या. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरताना पैसे द्यायचे, कितीही लांब गेलात तरी भाडं तेच, तीन-साडेतीन डॉलर. पुढच्या पाटीवर ‘नॉर्थ पॉइंट’ असेल ती ट्राम शेवटी चुनयुंग स्ट्रीट या भाजीबाजारातून जाते. रूळ बाजाराच्या मधोमध आहेत. वरच्या मजल्यावर सगळ्यांत पुढे बसा. दोन्ही बाजूंना भाज्यांचे ढीग, लाल शेड घातलेले दिवे, मासळीचे ट्रे, आणि समोर रुळावरच माणसं. ट्राम डिंग-डिंग करते, माणसं वर न बघता एक पाऊल बाजूला होतात, ट्राम गेली की परत रुळावर. ट्राम आणि स्टॉलमध्ये वीतभरच जागा उरते. मग उतरून त्याच गल्लीतून उलटं चालत या.

सेंट्रलमध्ये ग्रॅहम स्ट्रीटचा भाजीबाजार चढावर आहे. त्याच्या शेजारून १९९३ पासून चालणारे सरकते जिने डोंगरावर जातात, सगळे मिळून ८०० मीटर. सकाळी दहापर्यंत ते खाली येतात, कारण लोक कामाला उतरत असतात, आणि दहानंतर मध्यरात्रीपर्यंत वर जातात. म्हणजे दहानंतर जा, वर जिन्याने आणि खाली पायी गल्ल्यांमधून. हॉलिवूड रोडवर मान मो मंदिर आहे. छतापासून टांगलेल्या उदबत्तीच्या मोठ्या गुंडाळ्या तासन्‌तास जळत असतात, राख अंगावर पडते, पांढरे कपडे नकोत. त्याच्या खालच्या बाजूला जुन्या वस्तूंचा बाजार, कॅट स्ट्रीट. पाटीवरचं नाव ‘अप्पर लस्कर रो’. लस्कर म्हणजे गोऱ्यांच्या जहाजांवर काम करणारे हिंदुस्थानी खलाशी, ते इथे राहत म्हणून हे नाव. तिथली बहुतेक ‘जुनी’ वस्तू नवीनच असते, आवडली तर शोभेची म्हणून घ्या, पुराणवस्तू म्हणून पैसे मोजू नका.

रविवारी सेंट्रलला गेलात तर पदपथांवर, पुलांवर, बँकांच्या इमारतींखाली पुठ्ठे अंथरून बसलेल्या हजारो बायका दिसतील. घरकामाला आलेल्या या फिलिपिनो आणि इंडोनेशियन बायकांचा हा आठवड्याचा सुट्टीचा दिवस. गप्पा, पत्ते, डबे, नाच. तिथून जाताना त्यांच्यावर कॅमेरा रोखू नका.

रात्री आठनंतर टेंपल स्ट्रीट. रस्त्याला नाव मिळालं ते तिन हाउच्या मंदिरावरून. तिन हाउ ही दर्यावर्दींची देवी. कोळी समुद्रावर जाण्याआधी तिला नमस्कार करत, आणि हे मंदिर पूर्वी पाण्यासमोर होतं. मग समुद्रात भराव टाकत टाकत किनारा लांब गेला आणि देवी आज गल्लीबोळात आहे. मंदिराच्या आसपास भविष्य सांगणाऱ्यांच्या छोट्या छावण्या असतात, हात बघणारे, चेहरा बघणारे, चिठ्ठी उचलायला लावणारे. थोडं पुढे कँटोनीज संगीतनाट्यातली गाणी म्हणणारे हौशी कलाकार. समोर दोन-चार खुर्च्या टाकलेल्या असतात, ऐकायला बसलात तर डब्यात थोडे पैसे टाका.

आणि ज्याला पहाटे जाग येते त्याच्यासाठी याउमातेईचा फळबाजार. १९१३ पासूनचा हा घाऊक बाजार मध्यरात्रीनंतर जागा होतो, चारच्या सुमारास ऐन भरात असतो. उघड्या अंगाने पेट्या वाहणारे हमाल, दगडी खांबांची बसकी दुकानं. वाटेत उभं राहू नका, गाड्या जोरात येतात.

भाव आणि वजन

टेंपल स्ट्रीट आणि लेडीज मार्केटमध्ये घासाघीस चालते. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करायची, हसत. इथल्या कँटोनीज भाषेत ‘गेइ दो चीन’ म्हणजे कितीला, ‘पेंग दी ला’ म्हणजे थोडं कमी करा ना. एक कानमंत्र: तुम्ही भाव बोललात आणि तो मान्य झाला तर घ्यायचंच. मान्य झाल्यावर निघून जाणं तिथे फार वाईट दिसतं. घ्यायचं नसेल तर भाव विचारूच नका.

भाजीबाजारात मात्र घासाघीस नाही. तिथली पाटी किलोची नसते. भाव ‘कान’ या चिनी वजनावर लिहिलेला असतो, इंग्रजीत त्याला कॅटी म्हणतात, साधारण ६०५ ग्रॅम. फळं कधी पौंडावर असतात. लिची स्वस्त वाटून तीन ‘किलो’ मागितल्या तर हिशेब चुकतो.

‘म् गोय’ हा शब्द पहिल्या दिवशी शिका. वाट द्या, कृपया, आभारी आहे, सगळ्याला चालतो. कोणी वस्तू भेट दिली तर ‘दो ज्ये’.

सणांच्या दिवशी

नवीन वर्षाला जायचं तर दोन-तीन दिवस आधी पोचा. खरी मजा आधीच्या आठवड्यात आहे. व्हिक्टोरिया पार्कमध्ये फुलांची जत्रा भरते आणि ती पहिल्या दिवसाच्या पहाटेपर्यंत चालते. पीच मोहराची माणसापेक्षा उंच फांदी खांद्यावर घेऊन लोक मेट्रोत चढतात, कुंडीतली नारिंगी कमक्वाटची झाडं, नर्गिसचे कंद. शेवटच्या रात्री उशिरा भाव उतरतात. त्याच मध्यरात्री वोंग ताई सिन मंदिरात पहिली उदबत्ती लावायला झुंबड उडते. पहिल्या रात्री मिरवणूक असते, दुसऱ्या रात्री बंदरावर आतषबाजीची प्रथा आहे. तिसऱ्या दिवशी लोक शातिनच्या चे कुंग मंदिरात जाऊन तांब्याची भिरभिरी फिरवतात, वर्षाचं नशीब फिरावं म्हणून. पण पहिले तीन दिवस छोटी दुकानं आणि खानावळी बऱ्याच बंद असतात. खाण्याची सोय आधी करून ठेवा, नाहीतर उपास घडतो.

माझा आवडता सण चेउंग चाउचा. बेटावर सेंट्रलच्या ५ नंबरच्या धक्क्यावरून बोट जाते, साधी बोट तासाभरात, जलद बोट पाऊणेक तासाच्या आत. पूर्वी बेटावर साथ आली, तेव्हा पाक ताई देवाला साकडं घातलं आणि साथ हटली, अशी कथा. देवाचं मंदिर १७८३ चं. दुपारी मिरवणूक निघते, तिच्यात चार-सहा वर्षांची मुलं भरजरी पोशाखात लोकांच्या डोक्यांवरून तरंगत जातात. कपड्यांत लपवलेल्या लोखंडी सळईवर ती बसवलेली असतात, आणि खालून आई पाण्याची बाटली वर देत असते. मध्यरात्री बन लावलेल्या उंच मनोऱ्यावर चढायची शर्यत. १९७८ मध्ये मनोरा कोसळून वीसहून जास्त माणसं जखमी झाली आणि शर्यत बंद झाली. २००५ मध्ये ती परत सुरू झाली, पोलादी सांगाडा आणि दोर-कमरपट्टे लावून, चढणाऱ्यांना आधी शिकवून. दहीहंडीच्या थरांवर सुरक्षेचा वाद वर्षानुवर्षं ऐकणाऱ्या आपल्या लोकांनी हे मुद्दाम बघावं.

शर्यतीचे बन आता प्लास्टिकचे असतात, खायचे बन बेकरीत. सकाळी लवकर गेलात तर वाफ निघणाऱ्या बांबूच्या टोपल्यांतून पांढरे बन बाहेर काढून त्यांवर लाल रंगात बुडवलेला लाकडी शिक्का मारताना दिसतात. अक्षरं ‘पिंग ऑन’, म्हणजे सुखरूप असा. आत तिळाचं, कमळबियांचं किंवा लाल चवळीचं गोड सारण. त्या दिवसांत बेट शाकाहारी असतं. मिरवणुकीला दुपारी बाराच्या आत पोचा. बेटावर मोटारी नाहीत, गल्ल्या अरुंद आहेत, रांगेत उभं राहावं लागतं, पाणी आणि टोपी हवीच. शर्यत बघण्याची जागा मर्यादित असते आणि रात्री परतीच्या बोटीलाही रांग लागते.

मध्यशरदाला ताई हांगच्या गल्ल्यांमधून अग्निड्रॅगन नाचवतात. गवताचं ६७ मीटर लांब शरीर, त्यात हजारो पेटत्या उदबत्त्या खोचलेल्या, उचलायला तीनशेच्या आसपास माणसं. १८८० मध्ये साथ हटवायला तो पहिल्यांदा निघाला. तीन रात्री चालतो, तेव्हा मधली रात्र टाळून पहिल्या किंवा तिसऱ्या रात्री जा, गर्दी कमी. सुती कपडे घाला, ठिणग्या उडतात. नाच संपल्यावर उदबत्त्या काढून लोकांना वाटतात. अंगावरून धूर जाऊ देणं तिथे शुभ मानतात.

सातव्या महिन्यात भुकेल्या आत्म्यांचा सण असतो, आपल्या पितृपक्षाच्या जवळचा. रस्त्याकडेला कागदी पैसे, कागदी कपडे जाळतात. मैदानात नाटकाचे मांडव पडतात आणि पहिली रांग रिकामी असते. ती रांग पाहुण्या आत्म्यांची, तिथे बसू नका.

शाकाहारी माणसाने खायचं काय

‘भाजी’ म्हणून आलेल्या ताटातही शिंपल्याचा सॉस, सुक्या कोळंबीची पूड किंवा डुकराची चरबी असते. म्हणून ‘मांस नको’ असं म्हणून भागत नाही. ‘ङो सिक जाय’ म्हणा. ‘जाय’ म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. त्याचं चिनी अक्षर मोबाइलमध्ये साठवून ठेवा, ज्या पाटीवर ते दिसेल तिथे निश्चिंत शिरा. अस्सल जाय जेवणात कांदा-लसूणही नसतो. डायमंड हिलला ची लिन मठ आहे, लाकडात लाकूड अडकवून, खिळे न वापरता बांधलेला. शेजारच्या नान लियान बागेत धबधब्यामागे शाकाहारी उपाहारगृह आहे. रस्त्यावर ‘ताउ फू फा’ घ्या: गरम, हलणारं सोयाचं दही, वर आल्याचा पाक. बुडबुड्यांसारखा दिसणारा वॅफल अंड्याचा असतो आणि अननसाच्या नावाचा बन अननसाविना. घरच्या चवीची आठवण आली तर नेदन रोडवरच्या चुंगकिंग मॅन्शन्समध्ये डाळ-भात मिळतो.

लांताउ बेटावरच्या मोठ्या बुद्धालाही मठाचं जेवण मिळतं. ३४ मीटरची ही मूर्ती १९९३ ची, २६८ पायऱ्या चढून जायचं. केबल कारला रांग असेल तर तुंगचुंगहून २३ नंबरची बस घ्या. परतताना २१ नंबरने ताई ओ या कोळीवाड्यात उतरा, तिथे पाण्यात खांबांवर घरं उभी आहेत आणि दारात मासळी वाळत घातलेली असते.

वादळाचे आकडे

मे ते ऑक्टोबरमध्ये गेलात तर हवामान खात्याचं अ‍ॅप मोबाइलवर घाला. वादळाच्या सूचनेला आकडे आहेत. १ म्हणजे लांब आहे, लक्ष ठेवा. ३ लागला की बेटांवर जाऊ नका. ८ लागला की ऑफिसं, शाळा, दुकानं बंद होतात, फेऱ्या थांबतात, आणि सगळं शहर दोन-तीन तासांत घरी जातं. ८ चा इशारा बहुधा आधी जाहीर करतात. तो ऐकल्यावर बाजारात रेंगाळू नका, खाण्याचं सामान आणि पाणी घेऊन हॉटेलवर या, विमानाची वेळ तपासा. आकडा उतरला की तास-दोन तासांत टेंपल स्ट्रीटवरचे दिवे परत लागतात.